शिकवणारी, शिकणारी

मी गणिताचा शिक्षक आहे. चेन्नईजवळच्या आवडी या गावी, संरक्षण कारखान्याच्या क्वार्टर्सना लागून असलेल्या एका शाळेत चौदा वर्षं शिकवतोय. त्याआधी बारा वर्षं महाराष्ट्रात शिकवलं. दोन मुलींबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. पण त्यातल्या एकीवर मी अन्याय केला. तो सांगितल्याशिवाय केलेलं कौतुक म्हणजे आणखी एक लबाडी होईल. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो.

आमच्या शाळेत नववी-दहावीला जोड्या लावायची पद्धत आहे. गणितात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाला वर्गातलाच एक हुशार जोडीदार द्यायचा. प्रार्थनेआधी रोज अर्धा तास दोघांनी एकत्र बसायचं. प्रत्येक जोडीला एक वही. वहीत चार रकाने: तारीख, शिकवणारा, शिकणारा, आणि काय शिकवलं. दर शुक्रवारी वह्या माझ्या टेबलावर यायच्या आणि मी हिरव्या शाईनं सही करायचो. अठरा वह्या असायच्या, आणि मधल्या सुट्टीतला चहा संपायच्या आत माझ्या सह्या संपायच्या. यावरून मी त्या कशा वाचत असेन ते समजावं.

या दोघींची जोडी मीच लावली होती. शिकवणारी वर्गात पहिली येणारी, कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर. शिकणारी शेवटच्या बाकावरची. घरी ती आणि तिची आई, दोघीच. आई श्रीपेरुंबुदूरकडच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायची. सकाळची शिफ्ट असली की कंपनीची बस साडेपाचला यायची, मग मुलगी घराला कुलूप लावून सात वाजताच शाळेत हजर. सायकल स्टँडजवळच्या पायऱ्यांवर ती जोडीदारणीची वाट बघत बसायची.

या मुली आपसात तमिळ बोलतात आणि माझ्याशी इंग्रजी. चौदा वर्षांत मला तमिळ बोलता आलं नाही तरी समजतं बऱ्यापैकी. इथं सगळं मराठीत लिहितोय, पण मैत्रिणीला हाक मारताना त्या जो 'डी' लावतात तो तसाच ठेवतो. आपल्या 'अगं'ची जागा तो घेतो.

दहावीच्या सुरुवातीला एका सकाळी मी पायऱ्यांमागून जात होतो.

"सतरा सक किती?"

"माहीत नाही डी."

"सतरा चोक?"

"तू सतरा सोडून दुसरं काही विचार ना."

"बरं, तेरा."

"जे मला येत नाही तेच तू शोधून काढतेस."

"मग जे येतं ते सांग. तेच विचारते."

शिकणारीनं जरा विचार केला. "पाचाचा येतो. दहाचा तर झोपेतसुद्धा येतो."

"दहाचा आमच्या कुत्र्यालाही येतो डी."

दोघी हसल्या. मग शिकवणारीनं वही मिटली आणि म्हणाली, "पाढे राहू देत. फक्त वर्ग पाठ कर. अकरा अकरा, बारा बारा, असं वीसपर्यंत. दहाच आहेत."

"दहाच?"

"दहाच."

मी तिथं थांबलो आणि शिकवणारीला म्हणालो, आधी पाढे, पाढ्यांशिवाय अवयव पाडता येणार नाहीत. ती उठून उभी राहिली, "येस सर" म्हणाली. मी वळल्यावर तिनं तेच केलं जे ठरवलं होतं. आज मला वाटतं, शिक्षक म्हणून तिनं त्या क्षणी जे ओळखलं ते मी सव्वीस वर्षांत फार कमी वेळा ओळखलंय. समोरच्याच्या ओंजळीत मावेल एवढंच द्यावं, म्हणजे तो ते सांडत नाही.

सप्टेंबरमध्ये सहामाही झाली. पेपर मी काढला होता. त्यात एक गणित होतं: दोन संख्यांची बेरीज तीस, गुणाकार दोनशे एकवीस, तर त्या संख्या कोणत्या? हा आकडा मी मुद्दाम निवडला होता. दोनशे एकवीसचे अवयव पटकन दिसत नाहीत. बहुतेकांनी ते गणित सोडून दिलं होतं. पहिल्या येणाऱ्या मुलीनं सोडवलं होतं, पण मी शिकवलेल्या रीतीनं नाही. तिनं लिहिलं होतं: तीसचं अर्धं पंधरा. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. त्यातून दोनशे एकवीस गेले, उरले चार. चारचं वर्गमूळ दोन. म्हणून पंधरा अधिक दोन आणि पंधरा उणे दोन, सतरा आणि तेरा. मी खूश होऊन समासात 'छान' लिहिलं.

दहा-बारा पेपरनंतर शेवटच्या बाकावरच्या मुलीचा पेपर आला. त्यात त्याच पाच ओळी, त्याच क्रमानं. परीक्षेत ती हिच्या बरोबर मागं बसली होती. मी तपासायचं थांबलो आणि लाल पेननं त्या पाच ओळींवर आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे कुठून आलं?"

"मी केलं सर."

"तुझ्या पुढं कोण बसलं होतं?"

तिनं मैत्रिणीचं नाव सांगितलं.

"आणि तिच्या पेपरात हेच आहे. मग?"

ती काही बोलणार होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. बायकोचा होता. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, मी किती वाजता येतो हे तिला हवं होतं. मी मराठीत म्हणालो, "उशीर होईल. एक ढ मुलगी कॉपी करताना सापडलीय, तिचं निस्तरतोय. तिला बेसिकला टाकतो आणि मोकळा होतो." एवढं बोलून फोन ठेवला. मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. इथं शाळेत मी बायकोशी नेहमी असाच मोकळेपणानं बोलायचो. मराठी कळणारं आसपास कोण असणार?

"हं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही सर," ती म्हणाली.

मला तेवढा कबुलीजबाब पुरला.

बेसिक म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या केंद्रीय बोर्डात दहावीला गणिताचे दोन पेपर असतात, स्टँडर्ड आणि बेसिक; मुलानं त्यातला एकच द्यायचा. बेसिक सोपा. पण आमच्या शाळेत बेसिकवाल्याला अकरावीत गणित मिळत नाही, आणि गणित नाही म्हणजे इंजिनिअरिंग नाही, कॉम्प्युटर नाही. त्या मुलीनं स्टँडर्डसाठी अर्ज भरला होता. आईच्या कारखान्यातली यंत्रं बसवायला आणि दुरुस्त करायला जे लोक येतात त्यांच्यासारखं तिला व्हायचं होतं. कोण कुठला पेपर देणार याची यादी बोर्डाला पाठवायचं काम माझ्याकडं होतं. त्याच दुपारी मी तिच्या नावापुढचं खोडून बेसिक लिहिलं.

वर्गात बातमी पसरायला एक तास पुरला. मुलं तिला झेरॉक्स म्हणायला लागली. "ए झेरॉक्स, माझी पण एक प्रत काढ ना." मी हे ऐकलं होतं आणि गप्प बसलो होतो. शिक्षेचा भाग समजून.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, पहिली येणारी मुलगी एकटीच माझ्याकडं आली. हातात त्यांची जोडीची वही. तिनं जुलैमधलं एक पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

त्या दिवशीच्या ओळीत रकान्यांमधली नावं उलटी होती. शिकवणाऱ्याच्या रकान्यात शेवटच्या बाकावरचीचं नाव, शिकणाऱ्याच्या रकान्यात हिचं. आणि काय शिकवलं या रकान्यात हिच्या सुबक अक्षरात: 'अर्ध्यावरून दोन्हीकडं सरकणं.' खाली माझी हिरवी सही.

"सर, कुणी कुणाचं उतरवलंच असेल तर ते मी उतरवलंय," ती म्हणाली. "जुलैमध्ये."

मग तिनं मला सगळं सांगितलं. मैत्रिणीचे दहा वर्ग पाठ झाले होते. एका सकाळी हिला यायला उशीर झाला, तेव्हा ती पायरीवर बसून नुसता चाळा करत होती. पंधरा पंधरा दोनशे पंचवीस, हे तिला येत होतं. मग तिनं एका बाजूनं एक कमी केला, दुसऱ्या बाजूला एक वाढवला: चौदा गुणिले सोळा. पाढा येत नव्हता, म्हणून कागदावर बेरजा करत बसली. आले दोनशे चोवीस. आणखी एक पाऊल, तेरा गुणिले सतरा: दोनशे एकवीस. बारा गुणिले अठरा: दोनशे सोळा. मधल्यापेक्षा आधी एक कमी, मग चार कमी, मग नऊ कमी. जेवढी पावलं सरकावं तेवढ्याचा वर्ग कमी होतो. म्हणजे बेरीज माहीत असेल तर मधला आकडा कळतो, गुणाकार माहीत असेल तर किती सरकायचं ते कळतं. पाढे नकोत, अवयव नकोत.

"मला वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र पाठ होतं सर, नववीपासून," ती म्हणाली. "ते असं चालतं हे मला तिच्याकडून कळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

तिला सूत्र शिकवणारा मीच होतो. ती टोमणा मारत नव्हती, फक्त झालेलं सांगत होती.

"मग तिनं मला त्या दिवशी हे का सांगितलं नाही?"

"ती म्हणते, सरांनी आधीच ठरवलंय."

हे तिला कसं कळलं याचं मला तेव्हा नवल वाटलं, पण मी त्याच्या मागं लागलो नाही.

आता खरी कबुली. यादी बोर्डाकडं गेली होती, पण दुरुस्तीची मुदत पुढच्या बुधवारपर्यंत होती. दुरुस्तीला प्राचार्य मॅडमची सही लागे आणि कारण लेखी द्यावं लागे. त्याच महिन्यात तपासणीसाठी वरून पथक येणार होतं, आणि आमच्या जोड्यांच्या वह्या मॅडम त्यांना नमुना म्हणून दाखवणार होत्या. त्या वह्या मी न वाचता सही करतो, आणि त्यामुळं एका मुलीवर खोटा आळ घेतला, हे मला लिहून द्यावं लागणार होतं. शुक्रवारी मी अर्ज लिहिला आणि फाडला. सोमवारी 'लेखनिकाची चूक' असं लिहिलं, पण लेखनिक बिचारा समोरच बसलेला, तोही फाडला. मंगळवारी खरं ते लिहिलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि स्वतःला म्हणालो, उद्या. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमच्या खोलीशी गेलो. त्या मीटिंगला निघून गेल्या होत्या. संध्याकाळी मुदत संपली.

मुलीला मी सांगितलं, "तुझे मार्क दिलेत. पण पेपर आता बदलता येणार नाही, बोर्डाची मुदत संपली." हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

"ओके सर," ती म्हणाली.

झेरॉक्स हे नाव चालूच राहिलं. वर्गापुढं मी काही बोललो नाही.

मार्चमध्ये तिनं बेसिक दिला आणि मे महिन्यात त्यात उत्तम मार्कांनी पास झाली. मला वाटलं, संपलं. पण तिच्या मैत्रिणीनं बोर्डाचं परिपत्रक शोधून काढलं होतं. बेसिक पास झालेल्याला जुलैच्या पुरवणी परीक्षेत स्टँडर्डचा पेपर देता येतो. पास झाल्यास अकरावीत गणित. दोघींनी अर्ज करून टाकला होता. मला सांगितलं ते शाळेचा शिक्का हवा होता म्हणून.

मे महिन्याचा चेन्नईतला उकाडा इथं राहणाऱ्याला सांगायला नको. क्वार्टर्समधल्या वाचनालयात दोन पंखे आहेत, त्यातल्या एकाखाली दोघी रोज दहा ते एक बसायच्या. शिकवणारीला यातून काही मिळणार नव्हतं. तिची दहावी झाली होती, अकरावीचा प्रवेश पक्का होता, तिच्या बरोबरीची मुलं सुट्टीला गावी गेली होती. मी गेलो आणि म्हणालो, मी शिकवतो, रोज येईन.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"नको सर," शिकवणारी म्हणाली.

"का?"

उत्तर शिकणारीनं दिलं, खाली बघत. "तुम्ही उत्तर लवकर सांगता सर."

मी पलीकडच्या टेबलावर वर्तमानपत्र घेऊन बसायला परवानगी मागितली. त्यांनी दिली. पुढचे पाच-सहा आठवडे जमेल तेव्हा मी तिथं बसलो, आणि शिकवणं म्हणजे काय ते पन्नाशीत पाहिलं.

त्यांचा एक नियम होता. पेन्सिल एकच, आणि ती शिकणारीच्या हातात. शिकवणारीनं काहीही झालं तरी ती घ्यायची नाही. मी कितीदा मुलांच्या हातातून पेन काढून घेऊन 'हे बघ असं' म्हणत गणित पुरं केलं असेल. ही मुलगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मैत्रीण चुकीच्या वाटेला लागली की तिला दिसायचं, माझ्याही आधी दिसायचं. तरी ती तिला त्या वाटेनं शेवटपर्यंत जाऊ द्यायची.

"इथं काहीतरी गडबड आहे डी."

"असेल."

"तुला माहीत आहे आणि तू सांगत नाहीस."

"मला माहीत असून काय उपयोग? पेपर मी देणार आहे का?"

"राक्षसीण आहेस."

"हो. पुढं?"

आणि मग ती स्वतःच मागं येऊन चूक शोधायची. कधी कधी त्यात तीन तासांपैकी एक जायचा. शिकवणारी अजिबात कंटाळायची नाही. मला त्याचं कारण नंतर उमगलं. तिलाही तिथं काहीतरी मिळत होतं. मैत्रीण प्रत्येक पायरीला 'का' विचारायची, आणि अर्ध्या वेळा हिच्याकडं उत्तर नसायचं. वर्तुळाच्या स्पर्शिकेवर दोघी एकदा दोन दिवस अडल्या होत्या. सिद्धता हिला तोंडपाठ होती, पण 'असं का' म्हटल्यावर हिची बोबडी वळली. तिसऱ्या दिवशी बांगडी आणि पट्टी घेऊन दोघींनी मिळून ते सोडवलं. त्या दिवशी वहीत नावं कुठल्या रकान्यात लिहिली असतील? मी विचारलं नाही. त्या वहीवर आता माझी सही लागत नव्हती, तरी त्या ती भरत होत्या.

मी शिकवतो तो रस्ता मी तीस वर्षांपूर्वी चाललो. ठेच कुठं लागते ते मी विसरलोय. हिला ठेच गेल्या वर्षीच लागली होती, आणि काही ठिकाणी तर आत्ता, मैत्रिणीबरोबर लागत होती. म्हणून ती हात धरून नेत नव्हती, शेजारून चालत होती.

जुलैतल्या परीक्षेचं केंद्र एग्मोरच्या एका शाळेत आलं. मी रजा टाकून गेलो. मैत्रीणही आली होती, अकरावीचा वर्ग बुडवून. मुलगी आत गेली. फाटकाबाहेर झाडाखाली एक बाई उभी होती, कारखान्याचा निळा कोट तसाच अंगावर, गळ्यात ओळखपत्र. रात्रपाळी करून थेट आली होती. मैत्रिणीनं ओळख करून दिली: ही तिची अम्मा.

मी तमिळमध्ये वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मराठीतच बोला की सर. आम्ही तंजावरचे. घरात मराठीच."

त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, चाल तमिळची, क्रियापदं माझ्यापेक्षा वेगळ्या वाटेनं जाणारी. मला जमेल तसं लिहितो.

"म्हणजे तिलाही येतं?" मी विचारलं.

"तिला नीट येतंय. तुमचं पुण्या-मुंबईचं थोडं भरभर वाटतं, पण कळतंय." मग कसलाही राग नसलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन मला विचारली, अम्मा, ढ म्हणजे काय? आमच्या बोलण्यात तो शब्द नाही. मी म्हटलं, एक अक्षर आहे ते. ती म्हणाली, सर मला अक्षर कशाला म्हणतील?"

मैत्रीण रस्त्याकडं बघत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून तिला काहीतरी कळलं असावं.

मी त्या बाईंना सगळं सांगितलं. वही, सही, फाडलेले दोन अर्ज, खिशातला तिसरा, आणि तो बुधवार. मी संपवल्यावर त्या म्हणाल्या, "ती म्हणाली होती, सर चुकलेत. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, सर आहेत, त्यांना जास्त कळतं. तेव्हा माझी पण चूक आहे, सर."

त्या वाक्यानं मला हलकं करायला हवं होतं. माझ्यावरच्या विश्वासापायी एक आई आपल्याच मुलीवर विश्वास ठेवायची थांबली होती, आणि आता ती चूकही स्वतःच्या अंगावर घेत होती. मी म्हणालो, "तुमची नाही. तिनं खरं सांगितलं होतं."

पेपर सुटल्यावर मुलगी बाहेर आली, आधी आईच्या हातातलं पाणी प्याली, मग मैत्रिणीला म्हणाली, "स्पर्शिका आली होती डी." दोघी फाटकाशीच प्रश्नपत्रिका उघडून बसल्या. तिथंही पेन्सिल तिच्याच हातात होती.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. ती पास झाली. फार मार्क नव्हते, पण प्रवेशाला पुरेसे होते. अकरावीचं गणित मीच शिकवतो. ती प्रवेशाची चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दारात आली तेव्हा तास अर्धा झाला होता आणि फळा भरला होता. मी खडू खाली ठेवला. हे मी आदल्या दिवसापासून ठरवलं होतं, आणि या वेळी उद्यावर ढकललं नाही.

मी वर्गाला सांगितलं की गेल्या सप्टेंबरमध्ये या मुलीनं कॉपी केली नव्हती. ती रीत हिची स्वतःची होती, ती हिनंच पहिल्या नंबरच्या मुलीला शिकवली होती. पुरावा माझ्या सहीखाली होता आणि मी तो वाचला नव्हता. कळल्यावरही मी भीतीपोटी वेळ घालवला, म्हणून तिला दुसऱ्यांदा परीक्षा द्यावी लागली आणि ती तुमच्यापेक्षा दोन महिने मागं आहे. मी तिची माफी मागितली, आधी इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून, आणि मग मराठीत.

ती अजून दारातच उभी होती. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली होती.

"सर," ती मराठीत म्हणाली. माझ्याशी पहिल्यांदाच. "जरा बाजूला व्हाल का? फळ्यावरचं उतरवायचं आहे."

मी बाजूला झालो. ती मैत्रिणीशेजारी जाऊन बसली, दप्तरातून वही काढली आणि अगदी वरच्या ओळीपासून उतरवायला लागली. तिचं लिहून होईपर्यंत मी फळा पुसला नाही.